खोडदची दुर्बीण बघायला गेलो होतो, त्या सहलीचा रिव्ह्यू (आणि थोडं रेल्वेबद्दल पण)

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू दोन गोष्टींचा आहे. एक म्हणजे विज्ञान दिनाला (28 फेब्रुवारी) पुण्यातून निघणारी एक 'विज्ञान सहल', माणशी 1,450 रुपये, नाश्ता जेवण बस सगळं धरून. आणि दुसरी म्हणजे ती जिथं घेऊन जाते ती नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ऐकणारी दुर्बीण. सहलवाल्याचं नाव लिहीत नाही, तो आमच्याच सोसायटीत राहतो आणि लिफ्टमध्ये रोज भेटतो. पण ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

मी भोसरीत एका कंपनीत परचेसला आहे. बावीस वर्षं कोटेशनं घासतोय, त्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की हिचा रेट काय, माल कुठला, आणि हिचे खरे पैसे कोण भरतंय, असंच डोकं चालतं. सोबत भाची होती, सई, आठवीत. तिच्या हट्टापायीच गेलो, नाहीतर सुट्टीच्या दिवशी पहाटे पाचला उठणारा माणूस मी नव्हे.

तर बस. कोथरूडला सहाला येणार होती, आली सहा पन्नासला. आली तर एसी बंद, "सकाळची थंडी आहे ना सर" असं उत्तर. नाश्ता म्हणजे फॉइलच्या डबीत पोहे, ते बहुतेक आदल्या रात्रीच भरलेले, गार आणि कोरडे, लिंबाची फोड मात्र इमानदारीत प्रत्येक डबीत होती. आणि नाशिक फाटा ओलांडल्यावर जे सगळ्यांचं होतं तेच आमचं झालं, चाकण. तळेगाव चौकात पाऊण तास. त्या रस्त्यावर रोज जाणाऱ्यांना हसू येईल, पाऊण तास म्हणजे नशीबवान म्हणतील. ट्रेलर, कंटेनर, कंपन्यांच्या बसेस, सगळं एकमेकात अडकलेलं. सई म्हणाली मामा इथं रेल्वे का नाहीये. म्हणलं थांब, जिथं चाललोय तिथंच त्याचं उत्तर आहे.

नारायणगावातून उजवीकडे वळलं की दहाबारा किलोमीटरवर खोडद. द्राक्षाच्या बागा, कांदा, टोमॅटो, आणि मधेच शेताच्या मागून एक प्रचंड पांढरी जाळीदार वाटी वर आलेली दिसते. मग दुसरी, मग तिसरी. फोटोत कितीही बघितलेलं असलं तरी पहिल्यांदा दिसली की बसमधला आवाज बंद होतो, आमच्या बसमधला तर अंताक्षरीवाला ग्रुपपण गप्प झाला. एकेक डिश 45 मीटर व्यासाची, म्हणजे साधारण पंधरा मजली बिल्डिंग आडवी टाका आणि तेवढी गोल फिरवा. अशा 30 आहेत. त्यातल्या 14 मधोमध जवळजवळ, बाकीच्या 16 इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर पसरलेल्या, पार 25 किलोमीटरपर्यंत. सगळ्या फायबर केबलनं जोडलेल्या, म्हणजे तीस मिळून एकच भलीमोठी दुर्बीण.

गेटवर फोन बंद. सायलेंट नाही, बंद. आमच्या बसमधल्या एका काकांनी "एअरप्लेन मोडवर टाकलाय" म्हणून वाद घातला, तिथल्या पोरानं शांतपणे म्हणलं "काका, पूर्ण बंद." आणि का बंद ते आत एका टेबलावर दाखवलं, सगळ्या दिवसातला मला सगळ्यात आवडलेला भाग तोच. रेडिओ लहरी मोजणारं एक यंत्र, त्याच्या स्क्रीनवर खाली गवतासारखी बारीक थरथरणारी रेघ. इंजिनिअर मुलीनं डेमोसाठी ठेवलेला एक फोन एका पत्र्याच्या पेटीत धरून चालू केला तर त्या गवतातून एकदम ताडाचं झाड उगवलं. मग ती म्हणाली, समजा हा फोन चंद्रावर नेऊन चालू ठेवला, तर इथनं बघताना तो आकाशातल्या सगळ्यात प्रखर रेडिओ स्रोतांपैकी एक दिसेल. आणि आपण तर खिशात घेऊन उभे आहोत! इतक्या क्षीण लहरी ऐकायच्या असतात. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये युरोपचं एक यान मंगळावर उतरत होतं, स्कियापरेली, त्याचा काही वॉटचा ट्रान्समीटर करोडो किलोमीटरवरून ऐकणारी दुर्बीण हीच. उतरायच्या जरा आधी तो आवाज बंद पडला, तेपण इथंच कळलं.

आता परचेसवाल्याच्या नजरेनं. ती जाळी बघा. भरीव पत्रा नाहीच, बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी, दोरखंडासारख्या ताणलेल्या तारांवर बांधलेली. लहरी लांबीला वीतभर ते दोनतीन मीटर, त्यांना ती बारीक भोकं दिसतच नाहीत, त्यांच्यासाठी तो आरसाच. वारा मात्र आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका, मोटर लहान, पाया लहान, खर्च कमी. ही डोकेबाजी गोविंद स्वरूप यांची आणि त्यांच्या टीमची. हेच गृहस्थ, ज्यांनी 1970 च्या सुमाराला उटीला डोंगराचा उतार हेरून त्या उतारावरच दुर्बीण उभी केली होती, म्हणजे पृथ्वीच्या आसाला समांतर पाहिजे असलेला अँगल डोंगराकडून फुकट घेतला! असा माणूस आमच्या खात्यात पाहिजे होता. 2020 मध्ये पुण्यातच गेले. सरकारनं या खोडदच्या प्रकल्पाला 1987 मध्ये मंजुरी दिली आणि 2002 पासून जगातल्या कोणत्याही देशाच्या खगोलशास्त्रज्ञाला इथं वेळ मागता येतो. प्रपोजल लिहायचं, कमिटी वाचते, चांगलं असेल तर तास मिळतात, पासपोर्ट कुठला ते विचारत नाहीत. आणि नोंदी घेतल्यावर दीड वर्षानं तो डेटा सगळ्यांना खुला. एवढं पारदर्शक टेंडर मी आयुष्यात बघितलं नाही.

बाकी सरकारी विज्ञानाची खरेदी म्हणजे काय असते ते थोडंफार मला माहितीये, आम्ही अशा संस्थांना काही पार्ट पुरवायचो. जुलै 2022 मध्ये संशोधन संस्थांच्या उपकरणांवरचा जीएसटी 5 टक्क्यांवरून 18 वर गेला, म्हणजे सरकारनंच दिलेल्या ग्रँटमधून सरकारच टॅक्स कापून घेतं, हा खिसा त्या खिशाला विकतो असा प्रकार. आणि जेम, म्हणजे सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून एल-वन, म्हणजे सगळ्यात स्वस्तवाल्याकडूनच घ्या. ऑफिसच्या खुर्च्या घ्यायला ठीक आहे हो, पण उणे दोनशे डिग्रीच्या आसपास चालणारा अँप्लिफायर सगळ्यात स्वस्त कसा घ्यायचा? जून 2025 मध्ये यात जरा ढील दिली, संस्थेच्या प्रमुखाला शास्त्रीय सामान जेमच्या बाहेरून घेता येतं, आणि कोटेशनशिवाय सरळ खरेदीची मर्यादा लाखावरून दोन लाखांवर गेली. उशिरा का होईना. आपण जीडीपीच्या साधारण 0.64 टक्के संशोधनावर खर्च करतो, त्यातले महिने जर फायलीत जाणार असतील तर मग बोलायलाच नको.

आता विज्ञान दिनाला तिथं भरणाऱ्या प्रदर्शनाकडे वळू. तालुक्यातल्या, आजूबाजूच्या शाळांची पोरं प्रयोग घेऊन बसलेली असतात. खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त स्मार्ट डस्टबिन, भूकंप अलार्म आणि ज्वालामुखी, बेकिंग सोडावाला. पण एका टेबलापाशी आम्ही अर्धा तास थांबलो. नववीतली मुलगी, वडलांची शेती, जुन्नरकडची. तिकडं थ्री फेज लाईट आलटून पालटून रात्रीची असते, मोटार चालू करायला रात्री दोनला विहिरीवर जावं लागतं आणि विहिरीच्या वाटेवर ऊसात बिबट्या. पुण्यातल्या लोकांना बिबट्या म्हणजे व्हॉट्सअॅपचा व्हिडिओ, तिथं तो रोजचा शेजारी. तिनं मोबाईलवरून मोटार चालू बंद करायचा स्टार्टर केला होता. तसे बाजारात मिळतात, तेपण तिनं स्वतःच सांगितलं, पण हिच्यात विहिरीत पाणी कमी झालं की मोटार आपोआप बंद होते आणि घरी भोंगा वाजतो, आणि खर्च बाजारातल्याच्या निम्म्याहून कमी. शाळेतल्या पोरांच्या कल्पनांना पैसे देणाऱ्या सरकारच्या इन्स्पायर मानक योजनेतून 10,000 रुपये मिळाले होते, त्यातनं रिले, बोर्ड, सगळं आणलं, हिशोबाची वही समोर ठेवलेली! मी ती वही उघडून बघितली, सवयच ती. बिलं नंबरवारी लावलेली होती. आमच्या स्टोअरच्या पोरांना दाखवली पाहिजे.

आणि आता गंमत बघा. तिचं यंत्र सिमकार्डवर चालतं. आणि तिथं सिमकार्ड चालू करता येत नाही. मग तिनं काय केलं, मोबाईलच्या जागी एक साधं डोअरबेलचं बटण लावलं होतं आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "हे दाबलं म्हणजे कॉल आला असं समजा." बटण दाबलं, बल्ब लागला, म्हणजे मोटार चालू. कुठंही तक्रार नाही, चेहऱ्यावर काहीच नाही. विज्ञान दिन, विज्ञानाचा एवढा मोठा कारखाना मागे उभा आणि त्याच्याच सावलीत हिचं विज्ञान बटणावर. चूक कोणाचीच नाही, नियम बरोबरच आहे. पण मला ते बटण डोक्यातून जाईना.

आमच्या सईच्या शाळेत (नाव लिहीत नाही) अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे पोरांनी हातानं वस्तू बनवून बघायची प्रयोगशाळा आहे, अशा लॅबला सरकार 20 लाखांपर्यंत देतं, तिथला थ्रीडी प्रिंटर कव्हर घालून ठेवलाय, पाहुणे आले की कव्हर काढतात. इथं दहा हजारात ही पोरगी भोंगा वाजवून दाखवत होती. योजना चांगल्याच असतात दोन्ही, पण मला विचाराल तर ज्याच्या घरात अडचण आहे त्याच्या हातात दिलेला रुपया जास्त पळतो.

जेवण. सहलवाल्यानं नारायणगावजवळच्या एका हॉटेलात सांगून ठेवलं होतं, "पिठलं भाकरी अनलिमिटेड". अनलिमिटेड होतं ते पिठलं. भाकरी दोननंतर "येतीये येतीये" आणि मग आलीच नाही. ठेचा मात्र असला झणझणीत की त्यावर एक स्टार वाढवतोय. मिसळ खायची असेल तर नारायणगाव स्टँडच्या आसपास स्वतः हिंडा, कुठलीही घ्या, फसणार नाही.

बाहेर रस्त्यावर एक बाबा द्राक्षं घेऊन बसले होते, खोडदजवळचेच. मी दोन किलो घेतली, भाव केला, आणि सहज विचारलं की बाबा, एवढी जगप्रसिद्ध दुर्बीण शेजारी आहे, कसं वाटतं. ते म्हणाले, "चांगलंच वाटतं. नाव आहे गावाचं. पण पाव्हणं, तुम्ही वर्षातनं एकदा येता, बघता, माझ्या द्राक्षांचा भाव पाडता आन जाता." मग रेल्वेवर आले. पुणे नाशिक सेमी हायस्पीड, 235 किलोमीटर, खेड आंबेगाव जुन्नर करत जाणार होती. "मोजणीवाले आले, खुणा रवल्या. कोणी म्हणं स्टेशन व्हणार, जमिनीला भाव येणार. मग कळलं दुर्बिणीला तरास व्हतो म्हणून न्हाई येत. टीव्हीवर कळलं. सांगायला इथं कोण आलं? कोणीच न्हाई."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: विजेच्या रेल्वेत इंजिनाच्या टपावरचा दांडा वरच्या तारेला जिथं घासतो तिथं ठिणग्या उडतात, आणि ठिणगी म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सीवर एकदम ओरडणं. दुर्बिणीवाल्यांनी हरकत घेतली, त्यांचं बरोबर होतं. डिसेंबर 2025 मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी लोकसभेत सांगितलं की जीएमआरटीमुळे तो मार्ग शक्य नाही, आता अहिल्यानगर शिर्डीवरून बघतोय. खासदार अमोल कोल्हे जुन्याच मार्गासाठी भांडत राहिले. म्हणजे चाकणचा तो पाऊण तास, सईच्या प्रश्नाचं उत्तर, ते हे.

परत येताना मी डोक्यातल्या डोक्यात बिल करत होतो. दुर्बिणीची जाळी, लोखंड, मोटरा, फायबर, या सगळ्याचे पैसे सरकारनं भरले. पण जागा निवडताना सगळ्यात मोठी वस्तू जी बघितली ती म्हणजे शांतता. तेव्हा इथं कारखाने नव्हते, रेडिओचा गोंगाट कमी होता आणि पुणं जवळ होतं, म्हणून खोडद. आणि ती शांतता टिकवायची म्हणजे आसपास मोबाईल टॉवर असो की कारखाना, परवानगीची एक जास्तीची पायरी. चाकणला जे झालं ते इथं होऊ द्यायचं नाही. एका अर्थानं बरंच झालं, हवा बघा इथली. पण ही वस्तू सरकारनं कुठल्या रेटनं घेतली? पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, कुठाय? पुरवठादार गावं, पेमेंट शून्य, आणि कराराच्या कागदावर त्यांची सही तर सोडाच, त्यांना ड्राफ्टपण कोणी दाखवला नाही. आमच्याकडं अशी खरेदी केली तर ऑडिटवाला खुर्चीला बांधेल.

बाहेर बघितलं तर हे काही फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत ग्रीन बँक नावाच्या गावातल्या दुर्बिणीभोवती 1958 पासून रेडिओ गोंगाटाला बंदी असलेला शांत पट्टा आहे, तब्बल 34,000 चौरस किलोमीटरचा. दक्षिण आफ्रिकेनं 2007 मध्ये खगोलशास्त्रासाठी वेगळा कायदाच केला, आणि त्या कारूच्या माळरानात तिथल्या गावातल्या मुलांना शिष्यवृत्त्या वगैरेपण दिल्या, तरी तिथले मेंढपाळ कुरकुर करतातच. कायदा म्हणजे निदान लेखी असतं, काय मिळणार नाही आणि त्या बदल्यात काय मिळणार. आपण त्याच आफ्रिका ऑस्ट्रेलियात अनेक देश मिळून बांधत असलेल्या एसकेए या रेडिओ दुर्बिणीत 1,250 कोटी घालतोय, आणि तिचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं काम तर आपल्या पुण्यातल्या, गणेशखिंडीतल्या एनसीआरएनं, म्हणजे जीएमआरटी चालवणाऱ्याच संस्थेनं, पुढाकार घेऊन केलंय. अभिमान आहेच. पण 1,250 कोटींच्या बाजूला खोडदसाठी एक चांगलं सायन्सचं कॉलेज, नारायणगावला कायमचं विज्ञान केंद्र, आणि तो रेल्वेचा प्रश्न लोकांसमोर बसून बोलणं, हे बसत नाही का? मी रेल्वे इथूनच न्या म्हणत नाहीये. दुर्बीण हलवता येत नाही, रूळ वळवता येतात, एवढं मलापण कळतं. माझं म्हणणं विचारायला पाहिजे होतं, एवढंच, टीव्हीच्या आधी.

लोकांना सहभागी करून घ्यायचे मार्ग नाहीत असंही नाही हां. रॅड अॅट होम म्हणून एक उपक्रम आहे 2013 पासून, डॉ. आनंद होता (होता हे आडनाव) यांचा, त्यात पदवीची पोरं, नोकरीवाले, घरबसल्या याच जीएमआरटीच्या प्रतिमा बघून आकाशगंगा शोधतात, आणि त्यांची नावं शोधनिबंधात लागतात. सईनं वहीत लिहून घेतलंय. मी तिला म्हणलं त्या स्टार्टरवाल्या ताईला पण सांगायला पाहिजे होतं, ती म्हणाली मामा मीच सांगितलं, आणि तिनं मला रिलेचं सर्किट काढून दिलं. आता घरात टाकीची मोटार तिच्या ताब्यात जाणार अशी चिन्हं आहेत.

हिशोब राहिला. सहलवाल्याच्या बिलात "प्रवेश व गाईड शुल्क 200 रुपये" असं आहे. विज्ञान दिनाला खोडदला प्रवेश फुकट आहे. गाईड म्हणजे तिथले इंजिनिअर आणि विद्यार्थी, तेही फुकट, आणि मराठीत, न कंटाळता, आमच्या काकांनी तोच प्रश्न तीनदा विचारला तरी. मग दोनशे कशाचे? लिफ्टमध्ये विचारलं तर म्हणाला "को-ऑर्डिनेशनचे". शेहेचाळीस सीटची बस होती, गुणाकार तुम्हीच करा.

रेटिंग म्हणाल तर सहलीला दोन, ठेच्यासकट तीन. दुर्बिणीला पाच, तिथल्या पोरांना सहा असते तर सहा दिले असते.

जाणाऱ्यांसाठी: पुढच्या वर्षी आम्ही एसटीनं जाणार. वाकडेवाडीवरून नारायणगावची पहाटेची गाडी, पुढं जीप किंवा रिक्षा, टोपी आणि पाण्याची बाटली न्या, ऊन फेब्रुवारीतच लागतं. सुटे पैसे न्या, कारण फोन बंद म्हणजे यूपीआय पण बंद, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं, चहाचे वीस रुपये सईनं दिले. एरवी वर्षभर जायचं असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते. आणि बाबा दिसले तर द्राक्षं घ्या, भाव करू नका.